ख्रिस्ती बालवर्गातील दिनक्रम आणि शिस्त: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ख्रिस्ती संस्थेच्या बालवर्गात घालण्याचा विचार करणारे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. शाळेशाळेत, तसेच कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि अन्य ख्रिस्ती परंपरांत तपशिलाचे फरक असतात, त्यामुळे येथील वेळा आणि पद्धती उदाहरणादाखल समजाव्यात. काही बाबतींत मात्र माझे मत ठाम आहे आणि ते त्या त्या ठिकाणी स्पष्टपणे मांडले आहे.

बालवर्गाचा दिवस साधारणपणे कसा असतो?

सकाळी मुले एकेक करून येतात, दप्तर आणि डबा आपापल्या जागी ठेवतात, हात धुतात आणि पहिला अर्धा-पाऊण तास आपल्या आवडीच्या खेळात रमतात. ही वेळ मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, कारण सगळी मुले एकाच मनःस्थितीत शाळेत येत नाहीत. कोणी अर्धवट झोपेतून उठून आलेले असते, कोणी घरून रुसून आलेले असते, तर कोणाला कालचा अपुरा राहिलेला मनोरा आधी पूर्ण करायचा असतो. त्यानंतर सगळी मुले गोलात बसतात. एखादे गीत, दोन-तीन वाक्यांची प्रार्थना, आज कोण आले नाही याची विचारपूस आणि दिवसभरात काय काय होणार आहे याची उजळणी, एवढे सगळे पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. मग लहान गटांत ठोकळे, मातीकाम, चित्रे, कोडी आणि पुस्तके यांचे काम चालते. मधल्या सुट्टीत डबा उघडण्यापूर्वी देवाचे आभार मानले जातात, खाऊन झाल्यावर मुले आपली जागा स्वतः पुसतात आणि मैदानावर जातात. परत आल्यावर बायबलमधील गोष्ट होते. पूर्ण दिवसाच्या वर्गात पुढे जेवण, विश्रांती आणि पुन्हा मोकळा खेळ असतो, आणि घरी निघताना निरोपाचे गीत किंवा आशीर्वादाचे शब्द म्हटले जातात.

या क्रमात सर्वांत नाजूक जागा असते ती एक काम संपवून दुसऱ्याकडे वळण्याची. वर्गातील बहुतेक भांडणे आणि रडारड खेळ चालू असताना होण्यापेक्षा खेळ थांबवताना अधिक होते. म्हणून अनुभवी शिक्षिका पाच मिनिटे आधी सूचना देते, आवराआवरीचे एकच ठरलेले गीत रोज म्हणते, आणि वीस मुलांना एकदम नळाकडे न पाठवता चार-चार जणांना पाठवते. बाहेरून पाहणाऱ्याला ही क्षुल्लक व्यवस्था वाटेल, पण शिस्तीचा मोठा भाग याच व्यवस्थेने सांभाळला जातो.

रोजचा क्रम इतका ठरलेला का असावा? मुलांना त्याचा कंटाळा येत नाही का?

मोठ्यांना ज्याचा कंटाळा येतो त्याच्यातच लहान मुलाला निश्चिंतता मिळते. तीन-चार वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. ‘आई साडेबाराला येईल’ या वाक्याचा त्याला काहीच उपयोग नसतो, परंतु ‘डबा, मग मैदान, मग गोष्ट, आणि मग आई’ हे त्याला नीट कळते, आणि तेवढ्या आधारावर ते घरापासून दूर काही तास शांतपणे राहू शकते. म्हणूनच अनेक वर्गांत दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर मुलांच्या उंचीला लावलेला असतो.

ठरलेला क्रम म्हणजे मिनिटामिनिटाचे बंधन नव्हे. पाऊस पडू लागला आणि सगळी मुले खिडकीशी जमली, तर गोष्ट दहा मिनिटांनी सुरू झाल्याने काही बिघडत नाही. मात्र जी शिक्षिका रोज नव्याने दिवस रचते, तिच्या वर्गात मुले अस्वस्थ होतात आणि त्या अस्वस्थतेला मग ‘मुले ऐकत नाहीत’ असे नाव पडते.

दिवसभर प्रार्थना आणि बायबलच चालते का?

नाही. गोलातील प्रार्थना, खाण्यापूर्वीचे आभार, एक गोष्ट आणि निरोपाचा आशीर्वाद यांचा वेळ एकत्र केला तरी तो सहसा अर्ध्या-पाऊण तासाच्या पुढे जात नाही. या वयात श्रद्धा धड्यांतून उतरत नाही. पडलेल्या मित्राला उठवताना, आजारी असलेल्या सवंगड्यासाठी दोन शब्द म्हणताना, किंवा पानावर बसलेला किडा न चिरडता पाहताना ती मुलाच्या जगण्यात येते. बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांना घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना सांगावीत असे म्हटले आहे. रोजच्या व्यवहारातच शिकवावे, असा त्या वचनाचा रोख दिसतो.

बायबलमधील कोणत्या गोष्टी सांगितल्या जातात? काही गोष्टी भीतिदायक नाहीत का?

काही नक्कीच आहेत, आणि त्या या वयात टाळाव्यात किंवा पुढे ढकलाव्यात. सृष्टीची निर्मिती, येशूचा जन्म, हरवलेले मेंढरू, पाच भाकरी आणि दोन मासे, शांत केलेले वादळ, येशूने बालकांना जवळ घेणे, या गोष्टी तीन वर्षांच्या मुलालाही पेलतात. क्रूसावरील मृत्यू सांगताना यातनांचे वर्णन न करता पुनरुत्थानापर्यंत एकाच बैठकीत पोहोचावे. मुलाला गुड फ्रायडेच्या, म्हणजे येशूच्या मृत्युदिनाच्या, दुःखात सोडून घरी पाठवू नये. जलप्रलयाची गोष्ट प्राण्यांमुळे लोकप्रिय आहे, पण ‘बाकीची माणसे कुठे गेली’ हा प्रश्न चार वर्षांचे मूल विचारतेच, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर देण्याची तयारी नसेल तर ती गोष्ट मागे ठेवणे बरे.

रोममध्ये १९५४ मध्ये सोफिया कावालेत्ती आणि जियान्ना गोब्बी यांनी मारिया मॉन्टेसरींच्या तत्त्वांवर आधारित धर्मशिक्षणाचे काम सुरू केले. तीन ते सहा या वयात मुलांच्या मनाला उत्तम मेंढपाळाचा दाखला विशेष भिडतो, हे त्यांना मुलांच्या सहवासातून दिसले. मेंढपाळ प्रत्येक मेंढराला नावाने ओळखतो, ही गोष्ट मुले लाकडी मेंढरे हातात घेऊन पुन्हा पुन्हा मांडतात. वर्तनाविषयीचे उपदेश त्यानंतरचे आहेत, आणि हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो: कोणीतरी आपल्याला नावाने ओळखते आणि सांभाळते हे आधी, आणि आपण कसे वागावे हे त्यानंतर.

इतका वेळ खेळच चालत असेल तर शिक्षण कधी होते?

खेळताना होते. या विचाराचा इतिहास ख्रिस्ती घरांशी जोडलेला आहे. फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील वाल्डर्सबाख येथील लूथरन पाळक योहान फ्रीडरिख ओबरलिन यांच्या पुढाकाराने १७७० च्या सुमारास अगदी लहान मुलांना एकत्र सांभाळण्याचे आणि शिकवण्याचे काम सुरू झाले, आणि ते काम प्रामुख्याने खेड्यातील स्त्रियांनी चालवले. ज्यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे आपली बालशाळा उघडली, ते फ्रीडरिख फ्रोबेल लूथरन पाळकाचेच पुत्र होते. खेळ ही बाल्यातील सर्वांत गंभीर आणि अर्थपूर्ण क्रिया आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. ठोकळ्यांचा पूल पडल्यावर मूल तो पुन्हा उभारते तेव्हा ते मोजते, तोलते, शेजाऱ्याशी वाटाघाट करते आणि चिकाटी शिकते. अक्षरे गिरवण्याच्या वहीत यांतले फार थोडे घडते.

सकाळी सोडताना मूल रडते. थांबावे की निघून जावे?

निरोप घ्यावा, कधी येणार हे दिनक्रमाच्या भाषेत सांगावे आणि निघावे. मूल खेळात गुंतले आहे असे पाहून न सांगता निसटणे सर्वांत वाईट, कारण दुसऱ्या दिवशी ते खेळात गुंततच नाही; ते दारावर पहारा ठेवते. बहुतेक मुले पालक नजरेआड झाल्यावर थोड्याच वेळात शांत होतात. काही आठवड्यांनंतरही रडणे कमी होत नसेल, किंवा आधी आनंदाने येणारे मूल एकाएकी येण्यास घाबरू लागले असेल, तर मात्र शिक्षिकेशी सविस्तर बोलावे आणि कारण शोधल्याखेरीज विषय सोडू नये.

प्रार्थनेच्या वेळी मूल चुळबुळ करते, डोळे मिटत नाही. त्याला रागावतात का?

रागावू नये. डोळे मिटणे आणि हात जोडणे ही मोठ्यांनी एकाग्रतेसाठी स्वीकारलेली रीत आहे. उघड्या डोळ्यांनी इकडे-तिकडे पाहणारे मूलही ऐकत असते. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच की इतरांना अडथळा होऊ नये, आणि त्यासाठी शिक्षिकेने त्याच्या शेजारी बसणे पुरेसे ठरते. प्रार्थना लांबली तर दोष मुलाचा नसतो. प्रार्थनेत लक्ष नव्हते म्हणून मुलाला शिक्षा झाली, तर ते मूल प्रार्थनेविषयी काय शिकेल याचा विचार शिक्षिकेने आधी करावा.

डबा संपवला नाही तर? आणि शिक्षा म्हणून खाऊ किंवा मैदान बंद करतात का?

खाणे, पाणी, शौचालय, विश्रांती आणि मोकळ्या हवेतील खेळ या मुलाच्या गरजा आहेत; त्या शिक्षेचे किंवा बक्षिसाचे साधन होऊ शकत नाहीत. किती खायचे हे मूल ठरवते. शिक्षिका आग्रह करील, घास भरवण्याची सक्ती करणार नाही, आणि उरलेला डबा तसाच घरी पाठवील, म्हणजे पालकांना खरे चित्र कळेल. ज्या अन्नासाठी नुकतेच देवाचे आभार मानले तेच धाक दाखवून गिळायला लावणे मुळातच विसंगत आहे.

मैदान बंद करण्याची शिक्षा तर उलटच फळते, कारण जे मूल वर्गात स्थिर राहू शकत नाही त्यालाच धावण्याची सर्वाधिक गरज असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात किमान १८० मिनिटांची शारीरिक हालचाल हवी आणि त्यांपैकी किमान ६० मिनिटे ती मध्यम ते जोमदार असावी.

दुपारी झोपलेच पाहिजे का?

पडून राहावे लागते, झोपावे लागत नाही. त्याच मार्गदर्शनात तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी चोवीस तासांत १० ते १३ तास झोप सांगितली आहे आणि तीत दुपारची झोपही धरली आहे. रात्री पुरेसे झोपणाऱ्या मुलाला दुपारी झोप येत नसेल तर त्यात नवल नाही. असे मूल थोडा वेळ आडवे पडून मग पुस्तक किंवा कोडे घेऊन शांत बसू शकते.

वर्गात नियम किती असतात आणि ते कोण ठरवते?

तीन किंवा चार, त्याहून अधिक नाहीत. आपण कोणाला दुखवत नाही, आपण वस्तू जपतो, बोलणाऱ्याचे ऐकतो, ताईंना सांगितल्याशिवाय वर्गाबाहेर जात नाही. नियम असे होकारार्थी किंवा निदान स्पष्ट असावेत. ‘नीट वागा’ हा नियम नव्हे, कारण नीट म्हणजे काय हे मुलाला कळत नाही. ‘पळू नकोस’ म्हणण्यापेक्षा ‘वर्गात चालत जायचे’ असे म्हटले तर मुलाला काय करायचे ते समजते.

नियम लावण्यापेक्षा चूक घडण्याची वेळच येऊ न देणे श्रेष्ठ, हा विचार इटालियन धर्मगुरू जॉन बोस्को यांनी १८७७ मध्ये आपल्या प्रतिबंधक पद्धतीविषयी लिहिताना मांडला आणि विवेक, धर्म व प्रेमळपणा या तीन आधारांवर ती पद्धत उभी केली. त्यांचे काम मोठ्या मुलांमध्ये होते, तरी बालवर्गाला ते अधिकच लागू पडते. प्रौढ व्यक्ती मुलांमध्ये वावरत असेल, तिचे लक्ष असेल, हवेहवेसे खेळणे एकाऐवजी दोन ठेवलेले असेल आणि मुलांना पंधरा मिनिटे रांगेत ताटकळत ठेवलेले नसेल, तर शिस्तीचे निम्मे प्रसंग उद्भवतच नाहीत.

एका मुलाने दुसऱ्याला मारले किंवा चावले, तर नेमके काय केले जाते?

प्रथम थांबवले जाते. शिक्षिका दोघांच्या मध्ये येते, खाली वाकून किंवा बसून मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर येते आणि मोजक्या, ठाम शब्दांत सांगते: ‘मारायचे नाही. त्याला दुखले.’ त्यानंतर तिचे पहिले लक्ष ज्याला लागले त्याच्याकडे जाते. जखम पाहिली जाते, ती धुतली जाते, त्याला जवळ घेतले जाते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण मारणाऱ्यालाच आधी सगळे लक्ष मिळाले, मग ते रागाचे का असेना, तर मारल्याने लक्ष मिळते एवढेच त्याला कळते.

नंतर मारणाऱ्या मुलाकडे वळायचे. ते बऱ्याचदा स्वतःच घाबरलेले किंवा संतापाने थरथरत असते, आणि त्या अवस्थेत त्याला कोणतीही शिकवण ऐकू येत नाही. म्हणून त्याला आधी शांत होऊ द्यावे लागते. मग त्याच्या मनात जे होते त्याला शब्द द्यायचे: ‘तुला ती गाडी हवी होती. त्याने दिली नाही, म्हणून तुला राग आला.’ राग येणे हे पाप म्हणून सांगायचे नाही. रागात काय करायचे नाही आणि त्याऐवजी काय करायचे, हे दाखवायचे. ‘मला दे’ असे म्हणता येते, वाट पाहता येते, ताईंना बोलावता येते. शेवटी झालेले नुकसान भरून काढण्याची संधी द्यायची: ओल्या फडक्याने मित्राचा हात पुसणे, पाडलेले ठोकळे त्याच्यासोबत पुन्हा रचणे, फाटलेल्या चित्राला चिकटपट्टी लावणे.

चावण्याचे प्रकार एक ते तीन या वयात अधिक दिसतात आणि भाषा वाढली की बहुधा कमी होतात. चावणाऱ्या मुलाला समज यावी म्हणून त्याला उलट चावून दाखवण्याची एक जुनी समजूत आहे. ती क्रूर आहे आणि तिने काहीही साधत नाही. घटना त्याच दिवशी दोन्ही घरी कळवली जाते, परंतु दुसऱ्या मुलाचे नाव सांगितले जात नाही. ही गुप्तता पालकांना खटकते, पण उद्या कदाचित आपलेच मूल त्या जागी असेल हे लक्षात घ्यावे.

एकट्याला कोपऱ्यात बसवतात का?

लाजवण्यासाठी नाही. गोंधळापासून दूर, उशी आणि पुस्तके असलेला एक शांत कोपरा बहुतेक चांगल्या वर्गांत असतो आणि तेथे मूल स्वतःहूनही जाऊ शकते. काही शाळा वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मिनिट या हिशेबाने मुलाला बाजूला बसवतात. ते थोडा वेळ, प्रौढाच्या नजरेसमोर आणि शांत शब्दांत होत असेल तर त्यात अपाय नाही, पण मूल फार बिथरलेले असेल तेव्हा शेजारी बसणारी शिक्षिका रिकाम्या खुर्चीपेक्षा अधिक उपयोगी पडते. अंधाऱ्या किंवा बंद खोलीत ठेवणे, सगळ्यांसमोर उभे करणे, टोपणनाव ठेवणे, इतर मुलांना त्याच्याशी बोलू न देणे, हे सर्व निषिद्धच असावे.

‘जो छडी आवरतो तो मुलाचा द्वेष करतो’ असे बायबलच सांगते. मग ख्रिस्ती शाळेत मारणे योग्य नाही का?

हा प्रश्न बहुधा खाली आवाजात विचारला जातो, आणि तो टाळून चालणार नाही. जुन्या करारातील नीतिसूत्रे या पुस्तकात १३:२४ येथे या आशयाचे वचन आहे, आणि २३:१३-१४ मध्ये तर मारण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ‘छडी म्हणजे केवळ मेंढपाळाची काठी’ असे म्हणून ही वचने गुळगुळीत करण्याचा प्रयत्न काही जण करतात. स्तोत्र २३ मधील काठी धीर देते हे खरे, पण नीतिसूत्रांतील वचने त्या अर्थाने पूर्णपणे उलगडत नाहीत, आणि वाचकाने ते प्रामाणिकपणे मान्य करावे.

तरीही त्यांवरून शिक्षिकेने मुलावर हात उगारावा असे निघत नाही. नीतिसूत्रे हे जीवनातील शहाणपणाच्या वचनांचे पुस्तक आहे. ती कायद्याची कलमे नव्हेत. त्यांत बोलणारा बाप आपल्या मुलाशी बोलतो आहे, आणि त्या पुस्तकाचा उपदेश बहुतांशी व्यवहाराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तरुणाला उद्देशून आहे, तीन वर्षांच्या बालकाला नव्हे. वचनाचा गाभा असा की जो मुलाला वळण लावण्याचे कष्ट टाळतो त्याचे मुलावर खरे प्रेम नाही, आणि तो गाभा आजही खरा आहे. नव्या करारात इफिसकरांस पत्र ६:४ आणि कलस्सैकरांस पत्र ३:२१ ही वचने बापांना उलट बजावतात की मुलांना चिडीस आणू नका, त्यांचा हिरमोड होऊ देऊ नका. आणि नव्या करारातीलच मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात शिष्य मुलांना आणणाऱ्यांना दटावतात तेव्हा येशू रागावतो तो शिष्यांवर. मुलांना तो कवेत घेतो आणि त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो.

ख्रिस्ती परंपरेत मारण्याविरुद्धचा आवाजही जुना आहे. अकराव्या शतकातील संत अन्सेल्म यांच्या चरित्रात एक प्रसंग आहे. एक मठाधिपती त्यांच्याकडे तक्रार करतो की मठातील मुलांना रात्रंदिवस मारूनही ती अधिकच बिघडत जातात. अन्सेल्म त्याला विचारतात की बागेत रोप लावून त्याला चहूबाजूंनी असे जखडले की एकही फांदी पसरू नये, तर काही वर्षांनी कसले झाड हाती येईल? वाकडे आणि निरुपयोगी, हे मठाधिपतीला स्वतःच कबूल करावे लागते. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा हा संवाद आजच्या कोणत्याही शिक्षक-प्रशिक्षणात जसाच्या तसा वाचून दाखवता येईल.

कायद्याची दिशाही हीच आहे. स्वीडनने १९७९ मध्ये घरातील मारहाणीसह मुलांच्या सर्व शारीरिक शिक्षेवर बंदी घातली आणि असे करणारा तो पहिला देश ठरला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम १९ मुलांना सर्व प्रकारच्या शारीरिक व मानसिक हिंसेपासून संरक्षण देण्याची जबाबदारी राष्ट्रांवर टाकते. घरात काय करावे याविषयी ख्रिस्ती कुटुंबांत मतभेद आहेत, आणि माझे मत मारण्याच्या विरुद्ध आहे. बालवर्गाबाबत मात्र मतभेदाला जागाच नसावी. ‘आमच्या मुलाला मारले तरी चालेल’ असे पालकांनी लेखी दिले तरीही शिक्षिकेने हात उगारू नये.

‘देव बघतो आहे’, ‘येशूला वाईट वाटेल’ असे सांगून मुलांना वळण लावतात का?

अनेक ठिकाणी लावतात, आणि माझ्या मते ख्रिस्ती बालवर्गातील ही सर्वांत गंभीर चूक आहे, छडीइतकीच. अशा वाक्याचा परिणाम लगेच होतो, मूल गप्प होते, आणि म्हणूनच ते वापरण्याचा मोह पडतो. पण चार वर्षांच्या मुलाच्या मनात त्या क्षणी देवाचे जे रूप उमटते ते पाळत ठेवणाऱ्याचे असते. तो रात्री अंधारातही पाहत असतो, त्याच्यापासून लपता येत नाही आणि त्याची समजूतही घालता येत नाही. मोठेपणी अनेकांना ही प्रतिमा पुसता पुसत नाही.

ठोकळे का फेकायचे नाहीत, याचे कारण ठोकळा लागतो हे आहे, तेच सांगावे. देवाचे नाव घ्यायचे ते आभारासाठी, आनंदासाठी, भीती वाटत असताना धीर देण्यासाठी आणि क्षमेसाठी. वर्ग पाहायला गेलात तर एक तास फक्त एवढेच ऐका की शिक्षिका देवाचा उल्लेख कोणत्या प्रसंगी करते. शाळेच्या माहितीपत्रकापेक्षा त्यातून अधिक कळेल.

चूक झाल्यावर क्षमा मागायला लावतात का?

शब्दांची सक्ती करू नये. या वयाचे मूल हेतू आणि परिणाम यांत मोठ्यांसारखा फरक करू शकत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या: एकाच्या हातून नकळत पंधरा कप फुटले, तर दुसऱ्याच्या हातून चोरून मुरंबा काढताना एक कप फुटला. लहान मुलांपैकी अनेकांना पंधरा कप फोडणाराच अधिक दोषी वाटला. अशा मुलाकडून घाईने वदवलेली क्षमायाचना म्हणजे सुटका करून घेण्याचा शब्द ठरतो.

त्यापेक्षा कृतीतून भरपाई आणि मोठ्यांचे उदाहरण अधिक शिकवते. शिक्षिकेचा धक्का लागून मुलाचे चित्र फाटले तर तिने त्याच्याजवळ बसून मनापासून क्षमा मागावी. आणि क्षमा झाल्यावर तो विषय संपला पाहिजे. दुपारी पालक आल्यावर मुलासमोरच सकाळचा पाढा पुन्हा वाचला जात असेल, तर त्या वर्गात क्षमा शिकवली जाते असे म्हणता येणार नाही.

तारे, शिक्के, बक्षिसे दिली जातात का?

काही शाळा देतात. मी त्यांच्या बाजूने नाही. भिंतीवरील तक्त्यात कोणाच्या नावापुढे किती तारे आहेत हे वर्गातील सर्वांत लहान मुलालाही कळते, आणि ज्याच्या नावापुढे एकही नाही त्याने रोज त्या भिंतीखाली बसायचे असते. ‘तू ताटली उचलून ठेवलीस, त्यामुळे ताईंचे काम हलके झाले’ असे नेमके सांगणे ताऱ्यापेक्षा मोलाचे. देवाचे प्रेम कमवावे लागत नाही असे सकाळच्या गीतात म्हणायचे आणि दुपारी प्रेमाला गुण द्यायचे, हे मुलांच्या ध्यानात येते.

आमच्या घरची शिस्त वेगळी आहे. मुलाचा गोंधळ होईल का?

थोडा होईल आणि तो निभावेल. शाळेत असे आणि आजीकडे तसे, हा भेद मुले लवकर ओळखतात. खरा गोंधळ होतो तो एकाच ठिकाणचा नियम रोज बदलल्यावर. दोन-तीन मुद्द्यांवर, विशेषतः मारण्याबाबत आणि धमकावण्याबाबत, शाळेशी बोलून एकवाक्यता साधावी. बाकीचे सोडून द्यावे.

आम्ही ख्रिस्ती नाही. आमच्या मुलाला वेगळी वागणूक मिळेल का?

मिळू नये, आणि प्रवेशापूर्वीच हे स्पष्टपणे विचारून घ्यावे. मूल प्रार्थनेच्या वेळी शांत बसून राहू शकते का, ख्रिस्तजन्माच्या नाटिकेत भाग न घेण्याची मोकळीक आहे का, घरच्या श्रद्धेविषयी वर्गात आदराने बोलले जाते का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. बालहक्क कराराच्या कलम १४ मध्ये मुलाचे विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य, तसेच त्याबाबत मार्गदर्शन करण्याचा पालकांचा हक्क मान्य केला आहे. तुमच्या मुलाला त्याच्या घरच्या देवाविषयी अपमानास्पद काही ऐकावे लागले, तर ती शिक्षिकेच्या वागणुकीविषयीची तक्रार समजून लगेच मुख्याध्यापकांकडे न्यावी.

कपडे ओले झाले तर?

बदलले जातात, शांतपणे आणि इतर मुलांपासून आडोशाला. यात शिस्तीचा प्रश्नच नाही. एक जादा जोड दप्तरात ठेवावा.

एखादे मूल सतत त्रास देत असेल तर त्याला काढून टाकतात का?

हा शेवटचा उपाय असावा आणि तो बहुधा लागू नये. सतत मारणाऱ्या किंवा सतत पळणाऱ्या मुलाची शिक्षिका आधी नोंद ठेवते: हे केव्हा घडते, त्याआधी काय झाले होते, ते भुकेले होते का, झोप पुरी झाली होती का, वर्गात आवाज फार होता का. आठवडाभराच्या नोंदीतून बहुधा काहीतरी आकार दिसू लागतो. मुलाला कमी ऐकू येते, त्याची भाषा मागे आहे, घरी नवे बाळ आले आहे किंवा घरात ताण आहे, अशी कारणे पुढे येतात. अशा वेळी डॉक्टर किंवा बालविकासतज्ज्ञाचा सल्ला घेण्यास सांगितले तर पालकांनी तो आपल्या संगोपनावरचा ठपका समजू नये. स्वमग्नता किंवा अतिचंचलता असलेल्या मुलासाठी गोलात बसण्याची वेळ कमी करणे, हातात एखादी मऊ वस्तू देणे, किंवा क्रमाची चित्रे त्याच्यासोबत ठेवणे यांसारखे बदल सहज करता येतात.

नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट जी शाळा मुलांना सांगते, तिने आपल्या सर्वांत अवघड मुलाच्या बाबतीत सर्वांत आधी हार मानू नये.

शाळा निवडताना काय पाहावे?

आधी कळवून एकदा आणि शक्य असल्यास वर्ग चालू असताना अर्धा दिवस जाऊन बसावे. शिक्षिका मुलांशी बोलताना वाकते की वरूनच बोलते. ती दिवसभरात किती वेळा आवाज चढवते. मुले तिच्याकडे पडल्यावर धावत येतात की तिच्यापासून चूक लपवतात. एका प्रौढामागे मुले किती आहेत. अमेरिकेतील बालशिक्षणाच्या राष्ट्रीय संघटनेचा निकष चार-पाच वर्षांच्या वर्गात जास्तीत जास्त २० मुले आणि त्यांच्यामागे किमान दोन प्रौढ असा आहे; एकटी शिक्षिका तीस मुले सांभाळत असेल तर तिची श्रद्धा आणि स्वभाव कितीही चांगला असला तरी दुपारपर्यंत तिचा संयम संपेल.

शिस्तीचे धोरण लेखी मागावे आणि त्यात शारीरिक शिक्षा नाही हे शब्दांत लिहिलेले आहे का ते पाहावे. अपघात व भांडणांची नोंदवही पालकांना दाखवली जाते का, मुलाला कोण घेऊन जाऊ शकते याची यादी ठेवली जाते का, शौचालयात मुलांना मदत कोण करते आणि त्या वेळी दार कसे असते, एखाद्या कर्मचाऱ्याविषयी तक्रार आल्यास ती कोणाकडे जाते आणि ते चर्चच्या बाहेरच्या अधिकाऱ्यांना कळवले जाते का, हेही विचारावे. यांपैकी एखाद्या प्रश्नावर ‘आपण सगळे एकाच मंडळीतले आहोत, एवढा अविश्वास कशाला’ असे उत्तर मिळाले, तर दुसरी शाळा पाहावी.